ठाण्यात राहून मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर निवडताना

वाचकाचे पत्र : मी ४३ वर्षांचा असून ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. गेल्या वर्षी अमेरिकेत भावाकडे गेलो असताना त्याने एका बंदिस्त शूटिंग रेंजवर नेले आणि तिथे मी आयुष्यात प्रथमच .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर चालवले. सहा गोळ्यांपैकी दोनच कागदाला लागल्या, पण तो अनुभव अजून डोक्यातून जात नाही. आता स्वतःचे मोठ्या बोअरचे, म्हणजे रुंद भोकाच्या नळीचे रिव्हॉल्व्हर घ्यावे, सुट्टीच्या दिवशी नेमबाजी करावी आणि मुरबाडला सासऱ्यांची दोन एकर जमीन आहे तिथे डबे मांडून थोडी मौज करावी, असे मनात आहे. .३५७ घ्यावे की .४४? नळी किती लांब असावी? परवान्यासाठी कुठे अर्ज करावा? पत्नीचा विरोध आहे, तिची समजूत कशी घालावी? – एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, पण माझे लक्ष गेले ते पाचव्या गोष्टीकडे, जी तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. सहापैकी दोनच गोळ्या कागदाला लागल्या. बंदिस्त रेंजवर नवख्या माणसाचा कागद सहसा सात ते दहा मीटरवरच लावतात आणि एवढ्या जवळचा कागद चार वेळा चुकतो तेव्हा दोष डोळ्यांचा नसतो, रिव्हॉल्व्हरचाही नसतो. गोळी सुटण्याच्या किंचित आधी मेंदू येणाऱ्या धक्क्याची धास्ती घेतो, मनगट नकळत खाली दाबले जाते, बोटे मूठ आवळतात आणि गोळी जमिनीच्या दिशेने जाते. तुमची पहिली गोळी बरी लागली असेल आणि पुढच्या बिघडत गेल्या असतील, असा माझा अंदाज आहे. हे मी पुस्तकातून सांगत नाही. .२२ च्या पिस्तुलावर माझे गुण बरे येत होते त्या काळात मी एकदा हौसेने एका सहकाऱ्याच्या .३५७ मधून अर्धा खोका काडतुसे झाडली आणि पुढचे तीन महिने .२२ वरही माझे मनगट चाप दाबताना खाली झुकत राहिले. प्रशिक्षकांनी रागावायचे ते रागावून घेतलेच, पण त्यांनी मला पुन्हा रिकाम्या पिस्तुलाच्या सरावावर आणून बसवले, ते जास्त लागले.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. ठाण्यात राहून, इथल्या परवान्यावर आणि इथे मिळणाऱ्या काडतुसांवर नेमबाजी करायची असेल, तर .३५७ नको आणि .४४ ही नको; .३२ घ्यावे, आणि तेही क्लबच्या शस्त्रावर वर्षभर हात बसल्यानंतर. हे वाचून तुमचा विरस होईल याची मला कल्पना आहे, पण कारणे पाहिल्याशिवाय पान उलटू नका.

आधी हातात नेमके काय येते ते पाहू. (.३२, .३५७, .४४ हे बोअरचे, म्हणजे नळीच्या भोकाच्या व्यासाचे, साधारण इंचातले आकडे; मॅग्नम म्हणजे अधिक जोराचे काडतूस.) .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅम वजनाची असते आणि लांब नळीतून ती सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिची ऊर्जा १,२०० ज्यूलच्या घरात जाते. .३५७ मॅग्नमची दहा ग्रॅमची गोळी सुमारे ७०० ज्यूल घेऊन जाते. आपल्याकडच्या .३२ लाँग काडतुसाची गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास आणि ऊर्जा जेमतेम १५० ज्यूल, म्हणजे जवळजवळ .२२ इतकीच. मागे बसणारा धक्का मात्र केवळ ऊर्जेवर ठरत नाही. गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार जेवढा, तेवढाच संवेग रिव्हॉल्व्हरला उलट दिशेने मिळतो. हा गुणाकार .३२ च्या तुलनेत .४४ मध्ये साडेचार पट आहे, आणि सारख्याच वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मुठीवर येणारी धक्क्याची ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे वीस पट वाढते. परदेशातली मोठ्या बोअरची चांगली रिव्हॉल्व्हरे सव्वा-दीड किलोची का असतात, याचे उत्तर इथे आहे. हलके .४४ हे खिशाला सोयीचे आणि हाताला शिक्षा असते. २००३ साली बाजारात आलेल्या .५०० मॅग्नमच्या लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरचे वजन तर दोन किलोंच्या वर आहे, आणि तरीही ते चालवून आलेला माणूस पहिल्यांदा मनगटच चोळतो.

तिथल्या नेमबाजांना हे चांगले ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांच्याकडची एक सोय तुम्हाला कदाचित कोणी सांगितली नसेल. १९३५ च्या सुमारास आलेले .३५७ मॅग्नम हे त्याआधीच्या .३८ स्पेशल काडतुसाची पितळी नळकांडी थोडी लांबवून केलेले काडतूस आहे, आणि १९५५ च्या .४४ मॅग्नमचा .४४ स्पेशलशी तसाच संबंध आहे. त्यामुळे मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये तेच जुने, सौम्य काडतूस बिनदिक्कत चालते. उलटे मात्र चालत नाही. अमेरिकेत ज्यांच्याकडे .३५७ आहे त्यांतले बहुतेक जण कागदावर नेम धरताना .३८ स्पेशलच वापरतात आणि मॅग्नमची पाच-सहा काडतुसे शेवटी चवीपुरती झाडतात. मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरची खरी मजा या दुहेरीपणात आहे. आपल्याकडे नेमका हाच दुहेरीपणा हाती लागत नाही.

याचे पहिले कारण कायदा. आपल्याकडे बोअर हा केवळ मापाचा शब्द नाही, तो गट ठरवणारा शब्द आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .३८० आणि .४५५ ची कडा असलेली काडतुसे, तसेच सैन्य-पोलिसांची ९ मिलिमीटर किंवा .४५ ची काडतुसे ज्या पिस्तुलात वा रिव्हॉल्व्हरमध्ये बसतात आणि सुटतात, ती शस्त्रे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. .३५७ आणि .४४ मॅग्नम यांची नावे या ओळीत नाहीत, आणि एवढ्याच आधारावर काही विक्रेते ‘बिनधास्त घ्या’ असे सांगतात. विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर असा निर्णय घेऊ नये. एखाद्या विशिष्ट रिव्हॉल्व्हरबद्दल शंका असेल तर त्याचे मॉडेल आणि काडतुसाचे पूर्ण नाव लिहून परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्यावे, कारण चूक निघाली तर विक्रेता साक्षीला येत नाही.

दुसरे कारण बाजार. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदुका आयात करता येत नाहीत. ही सवलत आता नामांकित नेमबाजांपुरती आहे. त्यामुळे आपल्याकडे जी परदेशी .३५७ किंवा .४४ विक्रीला दिसतात ती बहुधा चाळीस वर्षांपूर्वीची, दोन-तीन हातांतून गेलेली आणि मूळ किमतीच्या कित्येक पट दराची असतात. तुम्ही रिव्हॉल्व्हर घेताना खरे पाहता एका मृत मालकाची हौस विकत घेता. शिवाय त्याची काडतुसे दुर्मीळ आणि महाग असतात, आणि एका वेळी किती काडतुसे बाळगायची व वर्षात किती घ्यायची हे परवान्यावरच लिहिलेले असते. नेमबाजाचा एका दिवसाचा गंभीर सराव साठ गोळ्यांचा धरतात. हा हिशेब तुमच्या परवान्यावरील आकड्याशी मांडून पाहा, म्हणजे वर्षातले किती रविवार हाती लागतात ते आपोआप दिसेल.

तरीही एखादे जुने मोठे रिव्हॉल्व्हर मोहात पाडलेच, तर ते तपासायचे कसे हे सांगणे मला भाग आहे, कारण याबाबतीत मी एक प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी जुने परदेशी .३५७ मोठी रक्कम मोजून घेतले होते. झिलई उत्तम, मूठ अक्रोडाची, पेटीसुद्धा मूळची. पहिल्याच दिवशी त्यांच्या उजवीकडच्या लेनमध्ये उभ्या असलेल्या मुलीच्या गालावर शिशाचा बारीक कण लागून रक्त आले. सिलिंडरची, म्हणजे काडतुसे बसणाऱ्या फिरत्या भागाची, भोके नळीच्या सरळ रेषेत येत नव्हती आणि गोळी नळीत शिरताना कडेला घासून तिचा चुरा बाजूला उडत होता. मुलीने चष्मा घातला होता म्हणून निभावले.

म्हणून रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर आधी सिलिंडर उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री करावी, आणि ती विक्रेत्याने केली असली तरी स्वतः पुन्हा करावी. मग विक्रेत्याच्या परवानगीने घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) अगदी सावकाश मागे ओढत पाहावे की घोडा पूर्ण चढण्याच्या आत किंवा त्याच क्षणी सिलिंडर ‘टक’ करून खाचेत बसतो की नाही. ही चाचणी सहाही घरांसाठी करावी, कारण पाच घरे ठीक आणि सहावे ढिले असा प्रकार नेहमीचा आहे. त्यानंतर घोडा अंगठ्याने सावरून खाली आणावा आणि चाप दाबलेलाच ठेवून सिलिंडर बोटांनी हलवून पाहावा. केसभर हालचाल चालते, खुळखुळाट चालत नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यात प्रकाशाची बारीक फट दिसते, ती साधारण एक दशांश ते पाव मिलिमीटर असावी. फट त्याहून मोठी असेल तर तिच्यातून बाहेर पडणारा तप्त वायू आणि शिसे वाढते. (ही फट नव्या रिव्हॉल्व्हरलाही असतेच, म्हणून पिस्तूल धरायची सवय असलेल्या माणसाने डाव्या हाताचा अंगठा किंवा बोटे कधीही सिलिंडरच्या पुढे नेऊ नयेत. मोठ्या बोअरमध्ये ती फट कातडे फाडते.) नळीचे मागचे तोंड भिंगातून पाहावे, तिथे तडा नको. नळीतून प्रकाशाकडे पाहिले असता मध्येच गडद कडे दिसले, तर पूर्वी कधीतरी कमी दारूची गोळी आत अडकून तिच्यावर दुसरी झाडली गेली होती असे समजावे आणि पेटी बंद करून परत द्यावी. शस्त्राचा क्रमांक कागदपत्रांशी अंकाअंकाने जुळवावा. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर कोणीतरी घरी बसून दुरुस्ती केली आहे.

आता .३२ कडे येऊ, ज्याला तुम्ही कदाचित ‘लहान’ म्हणून नाक मुरडाल. आपल्या देशात नागरिकांसाठी सर्वांत अधिक बनलेले रिव्हॉल्व्हर हेच, आणि कानपूरला तयार होणाऱ्या जुन्या सरकारी .३२ चा आराखडा इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवरून घेतलेला आहे. मधून मोडून उघडायचे, सहा घरांचे, तीन इंची नळीचे. त्याची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यात होतात, बुडावर ‘के. एफ.’ असा शिक्का असतो, आणि आपल्या शेजारच्या अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचे नाव तर काडतुसांच्या पितळाशी जोडलेले आहे. काडतूस इथलेच असणे ही सरावाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय आहे. परंतु जुने तीन इंची मॉडेल स्वसंरक्षणासाठी बनलेले आहे, नेमबाजीसाठी नव्हे, आणि हे लक्षात न घेता घेतलेल्या माणसाची पंचवीस मीटरवर फार निराशा होते.

तुमचा नळीच्या लांबीचा प्रश्न इथे अगदी योग्य जागी येतो. लांब नळीमुळे गोळीचा वेग थोडा वाढतो, पण कागदावर नेम धरणाऱ्याला तो फायदा गौण आहे. त्याला लांब नळी हवी असते ती पुढची आणि मागची साइट (नेम धरण्याच्या खुणा) एकमेकींपासून दूर जावी म्हणून. दोन साइटमधले अंतर १२ सेंटिमीटर असेल आणि पुढची साइट खाचेत केवळ एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाली, तर पंचवीस मीटरवर गोळी वीस सेंटिमीटरहून अधिक सरकते. तेच अंतर २० सेंटिमीटर असेल तर चूक साडेबारा सेंटिमीटरवर येते. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत अचूकतेच्या फेरीतल्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळते. म्हणून चार इंचांपेक्षा कमी नळी नेमबाजीसाठी घेऊ नये, सहा इंची मिळाली तर उत्तम. २०२३ साली कानपूरच्याच कारखान्याने ‘प्रबल’ नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर आणले, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो, नळी मात्र जुन्यासारखीच तीन इंचांच्या आसपास आहे. हातात घेऊन पाहण्याजोगे ते आहे. मागची साइट स्क्रूने फिरवता येते की नाही, हे मात्र कुठल्याही मॉडेलमध्ये आधी पाहा, कारण स्थिर साइटचे रिव्हॉल्व्हर जिथे मारते तिथे मारते आणि मालकाला आयुष्यभर ‘जरा डावीकडे, जरा खाली’ असा हिशेब करत बसावे लागते.

चापाबद्दलही दोन शब्द. घोडा अंगठ्याने चढवून चाप दाबला तर एक-दोन किलोचा जोर पुरतो. घोडा न चढवता थेट चाप ओढला तर चार-पाच किलो लागतात आणि तेवढ्या ओढीत नवख्याचा नेम हमखास हलतो. तुम्ही अमेरिकेत कोणत्या पद्धतीने झाडल्या, हे आठवून पाहा. थेट चाप ओढणे ही वाईट पद्धत नाही, उलट ती शिकलेला माणूस पुढे कुठलाही चाप हाताळतो, पण ती दुसऱ्या वर्षाची गोष्ट आहे.

.३२ ला लहान समजणाऱ्यांना मी नेहमी एक स्पर्धा दाखवतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल नावाचा प्रकार आहे. त्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर चालते, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, वजन १,४०० ग्रॅमपर्यंत आणि चापाचा जोर किमान १,००० ग्रॅम हवा. मॅग्नम काडतुसांना तिथे मज्जाव आहे. साठ गोळ्यांपैकी तीस सावकाश आणि तीस वेगाने, म्हणजे लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद पाठ फिरवते, तेवढ्यात हात वर आणून एकच गोळी झाडायची; आणि सगळे एका हाताने. जगभरचे या प्रकारातले नेमबाज सर्वांत अधिक वापरतात ते .३२ लाँग, सपाट तोंडाच्या गोळीचे, जी कागदाला पंचिंग मशीनसारखे स्वच्छ भोक पाडते. जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक घेतले आणि २००६ च्या दोहा स्पर्धेत ५९० गुणांसह त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करून पुन्हा सुवर्ण घेतले. तेव्हा मोठ्या बोअरची नेमबाजी म्हणून ज्याला खऱ्या अर्थाने प्रतिष्ठा आहे, ती आपल्या परवान्याच्या आवाक्यातल्या काडतुसानेच होते.

परवान्याबद्दल. तुम्ही ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहता, त्यामुळे तुमचा परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त. ऐरोली किंवा खारघरला राहत असता तर बेलापूरच्या नवी मुंबई आयुक्तालयात जावे लागले असते, आणि आयुक्तालयाबाहेरच्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवे, ते तुमचे आहेच. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षिततेचे प्रशिक्षण लागते, मग स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. परंतु खरा मुद्दा कागदपत्रांत नसून शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी .२२ ची रायफल किंवा एअर रायफल हवी असेल तर कायदा स्वतःच तिचा वेगळा उल्लेख करतो. रिव्हॉल्व्हर त्या ओळीत नाही. त्यासाठी ‘सबळ कारण’ आहे अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. ‘अमेरिकेत मजा आली’ हे सबळ कारण होत नाही. क्लबचे सदस्यत्व, वर्ष-दोन वर्षांची सरावाची नोंद, जिल्हा वा राज्य स्पर्धेतले गुणपत्रक हे होऊ शकते.

अनेक जण इथे एजंटच्या सल्ल्याने जिवाला धोका असल्याचे लिहून देतात. तसे अजिबात करू नका. एक तर ते खोटे आहे, आणि दुसरे म्हणजे पोलीस चौकशीत ‘धोका कोणाकडून?’ या प्रश्नाला तुम्ही एखाद्या शेजाऱ्याचे नाव थोडेच देणार आहात. आणखी एक व्यावहारिक बाब सांगतो: निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा निघतात, आणि महापालिका, विधानसभा, लोकसभा अशा पाळीपाळीने त्या येत राहतात. त्या काळात सराव स्वतःच्या शस्त्रावर होत नाही, हे आधीच गृहीत धरा.

मुरबाडच्या जमिनीवर डबे मांडायची कल्पना सोडून द्या. याबाबतीत मी मधला मार्ग सुचवणार नाही. .३२ सारख्या मवाळ काडतुसाची गोळीसुद्धा वर रोखली गेली तर किलोमीटरभर जाऊ शकते आणि .४४ ची त्याहून बरीच पुढे. दोन एकर जागेची लांबी-रुंदी मोजली तर जेमतेम शंभर बाय ऐंशी मीटर होते. पलीकडच्या बांधावर गवत कापणारी बाई तुम्हाला दिसणार नाही. डब्यावरून, दगडावरून, ओल्या मातीवरून गोळी उसळते आणि कुठे जाईल ते कोणालाच सांगता येत नाही. इतरांच्या जीविताला धोका होईल असे बेदरकार कृत्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे, आणि लग्न-वरातीत किंवा समारंभात हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. तुमच्याकडे परवाना असल्याचे कळले की मेहुण्याच्या हळदीत ‘एक होऊन जाऊ दे’ म्हणणारे निघतातच, त्यांच्यासाठी हे पाठ करून ठेवा. येऊरचे नाव तुम्ही काढलेले नाही, पण घोडबंदरची माणसे काढतात म्हणून सांगतो: ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे आणि तिथे शस्त्र घेऊन शिरणे हाच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, गोळी झाडणे दूरच.

मग मौज कुठे करायची, तर रेंजवर. डबा पडल्याचा आनंद पाडता येणाऱ्या लोखंडी लक्ष्यांवर तितकाच मिळतो, आणि पाच गोळ्यांचा गट एका रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला त्या दिवशीचा आनंद त्याहून मोठा असतो. तुमच्यासाठी सुरुवात दहा मीटर एअर पिस्तुलाने व्हावी. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. घोडबंदरच्या टू-बीएचकेमध्ये दहा मीटर सलग अंतर मिळणे कठीण, पण पाच मीटरवर लहान केलेले लक्ष्य आणि मागे छरे अडवणारी पेटी एवढ्यावर रोजचा सराव होतो, फक्त त्या खोलीच्या दाराला आतून कडी हवी. दादरच्या सावरकर स्मारकात एअर रायफल-पिस्तुलाचे प्रशिक्षण मिळते. अग्निशस्त्रांसाठी वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, जिथे क्लबच्या परवान्यावरची शस्त्रे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वापरता येतात. सेंटर फायरची लेन कोणत्या दिवशी मोकळी असते, हे मात्र जाण्याआधी विचारून घ्या.

धक्क्याच्या धास्तीवरचा उपाय रिव्हॉल्व्हरमध्ये फार सोपा आहे, आणि केवळ त्यासाठी मला पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर शिकवायला आवडते. सोबत्याने सहा घरांत तीन-चार काडतुसे विखरून भरायची, बाकीच्या घरांत वापरलेली रिकामी नळकांडी घालायची आणि सिलिंडर फिरवून द्यायचा. कोणत्या चापाला बार होणार हे तुम्हाला ठाऊक नसते. रिकाम्या घरावर घोडा पडतो तेव्हा पुढची साइट जिथे होती तिथेच राहिली तर ठीक, आणि ती खाली झुकली तर तुमच्या अमेरिकेतल्या चार गोळ्या कुठे गेल्या याचा पुरावा समोर असतो.

पत्नीच्या विरोधाबद्दल तुम्ही ‘समजूत कशी घालावी’ असे विचारले आहे; मी म्हणेन, वहिनींना आधी कारण विचारा. घरात मूल असेल आणि त्यांना कपाटातल्या शस्त्राची भीती वाटत असेल, तर ती भीती रास्त आहे आणि तिला शब्दांनी नव्हे, भिंतीत बसवलेल्या तिजोरीने उत्तर द्यावे लागते, जिची किल्ली किंवा क्रमांक तुमच्याशिवाय कोणाकडे नसेल आणि काडतुसे जिच्यात नसून दुसऱ्या कुलपात असतील. त्यांना एकदा रेंजवर घेऊन जा, एअर पिस्तूल हातात द्या. पुष्कळदा पत्नीचा गट नवऱ्यापेक्षा चांगला येतो. तेवढ्यासाठी तयारी ठेवा.

राहिला .४४ चा मोह. तो भावाकडेच भागवावा. पण पुढच्या वेळी जाण्याआधी दोन गोष्टींची चौकशी करा. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला शस्त्र हाताळण्यावर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची बंधने आहेत, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. गेल्या वेळी तुम्हाला कोणी विचारले नसेल, तरी या वेळी रेंजवाल्याला आधी विचारून घ्या. रेंजवर गेल्यावर प्रथम जड बांध्याचे, सहा इंची नळीचे .३५७ मागा आणि त्यात .३८ स्पेशल भरून पन्नास गोळ्या झाडा. मग .४४ मध्ये .४४ स्पेशल, आणि शेवटी मॅग्नम, तेही पहिल्यांदा सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरून, कारण जोरदार धक्क्याने मूठ निसटताना नवख्याचे बोट दुसऱ्यांदा चाप दाबते आणि तेव्हा नळी छताकडे असते. कानात बोळे घालून वर कर्णरक्षकही चढवा, बंदिस्त जागेत मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. बाहेर आल्यावर काही खाण्याआधी हात साबणाने धुवा, शिसे बोटांना लागलेले असते. आणि आठवण म्हणून रिकामे काडतूस खिशात घालून विमानतळावर जाऊ नका. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर ते तुमचे किचेन आहे हे पटवून देण्यात अर्धा दिवस जाईल.

वरळीला पहिल्या दिवशी जाताना बंद बूट आणि गळ्याशी बंद होणारा सदरा घाला. रिव्हॉल्व्हरमधून नळकांडी उडत नाहीत, पण शेजारच्या लेनमधल्या पिस्तुलातून उडतात, आणि गरम पितळ कॉलरमधून आत गेले की हातात भरलेले शस्त्र असताना माणूस नाचू लागतो.